शेतकऱ्याचे शिरोवस्त्र व केसांचे आरोग्य

शेतकऱ्याच्या अंगावरील वस्त्रांपैकी सर्वांत अधिक घाम कोणते वस्त्र पिते आणि सर्वांत कमी वेळा पाण्यात कोणते पडते, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचे उत्तर एकच आहे. ते म्हणजे डोक्यावरील वस्त्र. धोतर असो वा विजार, ती रोज नाही तरी एक दिवसाआड धुतली जाते. टोपी मात्र खुंटीवरून डोक्यावर आणि डोक्यावरून खुंटीवर, असा प्रवास महिनेच्या महिने करीत राहते. ती बाहेरून झटकली म्हणजे स्वच्छ झाली, अशी आपली समजूत असते. तिच्या आत काय साठले आहे हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात या विषयावरून घराघरांत एक लहानसा वाद चालतो. वडीलधारी मंडळी डोक्याला पागोटे अथवा दुपट्टा गुंडाळल्याखेरीज बांधीकडे जात नाहीत. तरुण मुले उघड्या डोक्याने जातात, आणि त्यांना हटकले असता ती म्हणतात, "टोपीने केस जातात, डोक्याला हवा लागत नाही, मुळे गुदमरतात." वडिलांना हे बोलणे उद्धटपणाचे वाटते, परंतु त्याचे उत्तर त्यांना देता येत नाही. वैशाखात येथील पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. इटियाडोहाच्या पाण्यावर घेतलेले उन्हाळी धान कापणीला येते ते याच दिवसांत, आणि तेंदूपानांची तोडणीही याच दिवसांत चालते. अशा उन्हात केस राखण्यासाठी डोके उघडे टाकावे काय, हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. तो जिवाचा आहे. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

केसाचे मूळ कशावर जगते

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, डोक्यावर दिसणारा केस हा निर्जीव आहे. सजीव असते ते फक्त त्याचे मूळ, आणि ते कातडीच्या आत असते. धानाचे मूळ जसे जमिनीतून अन्नपाणी घेते, तसे केसाचे मूळ रक्तातून पोषण घेते, आणि प्राणवायूही रक्तातूनच घेते. बाहेरच्या हवेवर ते अवलंबून नाही. तेव्हा टोपी घातल्याने मूळ गुदमरते, ही समजूत निराधार होय.

मनुष्याच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने वाढतो. पुढे तीनएक महिने विसावा घेतो, गळतो, आणि त्याच मुळातून नवा केस उगवतो. या क्रमाने रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निसर्गाचेच काम आहे. उघड्या डोक्याने हिंडणाऱ्याचे हे केस वाऱ्यावर जातात, म्हणून ते त्याला दिसत नाहीत. टोपी घालणाऱ्याचे केस अस्तराला चिकटून राहतात, आणि संध्याकाळी टोपी काढताच ते त्याच्या डोळ्यांत भरतात. टोपीवरील आरोपाचा उगम पुष्कळसा येथेच आहे.

मग टक्कल कशाने पडते? अमेरिकेतील हॅमिल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने १९४२ साली असे दाखवून दिले की, ज्यांच्या शरीरात पुरुषत्वाचा रस तयार होत नाही त्यांना असे टक्कल पडत नाही, आणि ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे अशांना तो रस बाहेरून दिला असता ते पडू लागते. अर्थात टक्कल हे घराण्याचे देणे आणि शरीरातील रस या दोहोंचे फळ आहे. ते पित्याकडून येते तसे मातेच्या घराण्याकडूनही येते. वाचकांना प्रयोगशाळेत जाण्याचीही गरज नाही. टोपीचा काठ जेथे सर्वांत घट्ट बसतो तेथे, म्हणजे कानांच्या वर व मानेकडच्या बाजूला, टक्कल पडलेल्या मनुष्याचेही केस शाबूत असतात. आणि टोपी जेथे जेमतेम टेकते, त्या माथ्यावरचे केस जातात. टोपी दोषी असती तर प्रकार नेमका याच्या उलट घडला असता.

तापाचा दोष टोपीवर

आणखी एक फसवणूक आमच्या भागात विशेष घडते. मलेरिया, विषमज्वर, डेंग्यू अशा मोठ्या तापानंतर पुष्कळ केस एकदम विसाव्याच्या अवस्थेत जातात, आणि दोन ते तीन महिन्यांनी ते मुठीमुठीने गळू लागतात. देवरी-सालेकशाकडील जंगलपट्टीत ताप येतो तो श्रावण-भाद्रपदात. केस गळू लागतात ते कार्तिक-मार्गशीर्षात. आणि नेमक्या त्याच वेळी थंडीमुळे लोकांनी कानटोपी बाहेर काढलेली असते. भोगलेला ताप विसरला जातो आणि समोर दिसणाऱ्या टोपीला शिक्षा होते. बाळंतपणानंतर तीनचार महिन्यांनी स्त्रियांचे केस गळतात तेही याच कारणाने. असे गळलेले केस बहुधा सहाआठ महिन्यांत परत येतात. त्यांना टोपी सोडण्याची नव्हे, तर ताटात भाताबरोबर वरण, पालेभाजी व शक्य असल्यास अंडी-मासळी यांची जोड देण्याची गरज असते. अंगात रक्त कमी असल्यास दवाखान्यात तपासणी करून घ्यावी.

डोक्यावर एखादे वाटोळे, गुळगुळीत टक्कल अकस्मात पडते. त्यास आपण चाई म्हणतो. तीही टोपीने होत नाही व एकापासून दुसऱ्यास लागत नाही. शरीराची संरक्षक शक्तीच भ्रमाने केसांच्या मुळांवर उलटते, असे आता वैद्यकशास्त्र सांगते.

खरे नुकसान कोठे होते

टोपीला एका आरोपातून आम्ही मुक्त केले, म्हणजे ती सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र नव्हे. तिच्याकडून चार प्रकारे नुकसान होते, आणि ते चारही टाळता येण्याजोगे आहेत.

पहिला प्रकार ताणाचा. केस आवळून बांधून त्यावर घट्ट फेटा रोज बसविला, तर कपाळालगतचे केस ओढले जाऊन हळूहळू विरळ होतात. केस राखणाऱ्या शीख तरुणांत हा विकार डॉक्टरांनी नोंदलेला आहे. ताण वेळीच सैल केला तर केस परत येतात. वर्षानुवर्षे तसाच राहू दिला तर मूळच मरते.

दुसरा प्रकार घर्षणाचा. खरखरीत काठ केसाची साल सोलतो आणि केस मधोमध तुटतो. टोपीला खळ फार कडक झाली म्हणजे हेच होते. डोक्यावर ओझे व घागरी वाहणाऱ्या स्त्रियांच्या माथ्यावर चुंबळीच्या जागी केस तुटून आखूड झालेले दिसतात, त्याचे कारणही दाब व घर्षण हेच. चुंबळ सुंभाची वा चिंधीची कशीही असो, तिच्यावर मऊ धुतलेल्या कापडाचा एक वेढा द्यावा.

तिसरा प्रकार ओल व मळ यांचा. डोक्याच्या कातडीतून तेलकट स्राव सतत येत असतो व त्यावर जगणारी एक सूक्ष्म बुरशी प्रत्येकाच्या डोक्यावर असते. घामाने भिजलेली उबदार जागा मिळाली की ती माजते, आणि त्यातून कोंडा व खाज उद्भवते. कोंड्यावर अधिकाधिक तेल चोळण्याची आपली रीत आहे. परंतु तेल हे त्या बुरशीचेच खाद्य असल्याने या उपायाने रोग जात नाही, फक्त खवले चिकटून बसल्यामुळे ते दिसेनासे होतात.

चौथा प्रकार संसर्गाचा, आणि हा सर्वांत गंभीर होय. मुलांच्या डोक्यात होणारा खवडा हा गजकर्णाच्या जातीचाच विकार असून, तो एकाची टोपी किंवा फणी दुसऱ्याने वापरल्याने पसरतो. केस मुळाशी तुटतात, खपल्या धरतात, कधी पू भरून गळू येते. आणि उपचारास उशीर झाला तर तेथे कायमचे वण राहून केस पुन्हा उगवत नाहीत. वरून मलम लावून हा विकार बरा होत नाही, कारण बुरशी केसाच्या आत शिरलेली असते. पोटात घेण्याचे औषध १९५८ पासून उपलब्ध आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे नियमाने द्यावे लागते. बाजारात मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे मात्र आपल्या मनाने कधीही लावू नयेत. त्यांनी खाज तेवढी थांबते व बुरशी आतून बळावते. औषधांस दाद न देणारे गजकर्ण भारतभर पसरले आहे, त्याच्या कारणांत अशा मलमांचाही हात आहे.

अस्तराचे कापड

टोपी विकत घेताना आपण तिचा रंग पाहतो, बाहेरचे कापड पाहतो, भाव करतो. परंतु डोक्याला लागते ते अस्तर, आणि ते कोणीच पाहत नाही. आम्ही एक जुनी, आठवड्याच्या बाजारात घेतलेली टोपी उसवून पाहिली. बाहेर बरे सुती कापड, आत चकचकीत कृत्रिम धाग्याचे अस्तर, त्यामागे पुठ्ठा, आणि कपाळाशी रेक्झिनची पट्टी. पुठ्ठ्यामुळे ती टोपी कधी धुता आली नव्हती. पट्टीच्या आत मळाचा काळा थर बसला होता आणि पुठ्ठा घामाने भिजून कुजला होता. तीन वर्षे हीच टोपी आम्ही स्वतः वापरीत होतो, हे सांगण्यास संकोच वाटतो. पण खरे ते सांगितले पाहिजे.

कापडांतील भेद समजण्यासाठी एक सोपे माप आहे. बेताच्या दमट हवेत कोरडा धागा आपल्या वजनाच्या मानाने किती ओल धरतो, हे ते माप होय. लोकर शेकडा सुमारे १६, रेशीम ११, कापूस साडेआठ, नायलॉन ४, आणि पॉलिएस्टर शेकडा अर्धासुद्धा नाही. म्हणजे पॉलिएस्टरचा धागा घाम पीत नाही. तो घाम कातडी व कापड यांच्यामध्ये चिकचिकत राहतो. शिवाय तेलकट मळाला हा धागा धरून ठेवतो, म्हणून त्याचा वास धुतल्यावरही लवकर जात नाही. कापूस घाम पितो, उकळत्या पाण्यात टिकतो, साबण-सोडा सोसतो. हे गुण थोडे नव्हेत. मात्र त्याचा एक अवगुणही सांगितला पाहिजे. जाड सुती कापड एकदा भिजले की लवकर वाळत नाही, आणि ओले सुती पागोटे दिवसभर डोक्यावर राहिले तर बुरशीस ते पॉलिएस्टरइतकेच मानवते. म्हणून अस्तर सुती असावे आणि तेही पातळ, मलमलीसारखे असावे.

लोकर उबदार खरी, पण तिचा तंतू खवलेदार असल्यामुळे केसांवर घासतो. कानटोपीला आतून मऊ सुती कापड लावल्यास ऊब राहते व घासणे टळते. आपल्या आजीबाई तान्ह्या बाळाच्या कुंचीला आतून जुन्या धोतराचा तुकडा लावीत असत, त्यात हेच शहाणपण होते. रेशीम गुळगुळीत असते, त्यामुळे लांब केसांना ते सोयीचे. तथापि शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आंधळगावास विणला जाणारा कोसा सणासमारंभासाठी जपून ठेवावा. शेतातल्या घामाचे ते वस्त्र नव्हे. कातडी पट्टीच्या टोप्यांविषयी एवढेच सांगतो की, चामडे कमावण्यासाठी वापरलेल्या क्रोमियमच्या क्षारांनी काहींच्या कपाळावर खाजरे पुरळ उठते. असे होत असल्यास ती पट्टी काढून टाकावी.

एका साध्या टोपीची योजना

या सर्व गुणदोषांचा विचार करून एक टोपी आपल्याच देशात योजिली गेली होती, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. काकासाहेब कालेलकरांनी महात्मा गांधींच्या तोंडून ऐकलेली हकीकत नमूद करून ठेवली आहे. गांधीजींनी निरनिराळ्या प्रांतांतील शिरोवस्त्रे न्याहाळली. काश्मिरी टोपीचा आकार त्यांस पसंत पडला, कारण ती हलकी व घडी होणारी होती. परंतु ती लोकरीची, म्हणून त्यांनी कापूस घेतला. रंग पांढरा का, तर त्यावर घाम व मळ तत्काळ दिसतो आणि टोपी धुणे भाग पडते. काळ्या टोपीत मळ लपतो, म्हणूनच ती धुतली जात नाही. १९२० च्या सुमारास ही टोपी देशभर पसरली. तिचे राजकारण सर्वांस ठाऊक आहे, तिच्यातील आरोग्यविचार मात्र झाकून राहिला. तिच्यात पुठ्ठा नाही, पट्टी नाही, कृत्रिम धाग्याचे अस्तर नाही. रात्री धुतली तर सकाळी वाळते. आज कोणी कोणत्याही मताचा असो, शेतकऱ्याच्या डोक्याला कसली टोपी हवी याचा नमुना म्हणून तिच्याकडे पाहण्यास हरकत नाही.

हाच गुण बांधावयाच्या फेट्यात व दुपट्ट्यात आहे. तो रोज सोडला जातो, म्हणून त्याला रोज वारा लागतो. आतला पदर उद्या बाहेर येतो. बांधून ठेवलेले पागोटे टोपीसारखे उचलून डोक्यावर ठेवण्याची सवय काही जणांना असते. तसे करणाऱ्याने हा गुण हातचा घालविला असे समजावे.

ऋतुमानाप्रमाणे

उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असते. पातळ सुती दुपट्टा पाण्याने ओला करून सैल गुंडाळला असता पाणी उडून जाताना डोके थंड राहते. उन्हात काम करताना कोणास भोवळ आली, बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. त्यास सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पावसाळ्यात गोष्ट उलटते. हवा दमट असल्याने ओले कापड वाळत नाही. रोवणीच्या दिवसांत बायामाणसे डोक्यावरून पाठीवर प्लास्टिकचा कागद घेतात. पाऊस बाहेर राहतो, पण आतला घामही आतच राहतो. आपल्या पूर्वेस लागून असलेल्या छत्तीसगढात बांबूची खुमरी आहे, कोकणात बांबू व पानांचे इरले आहे. या दोहोंत डोके व आच्छादन यांच्यामध्ये हवा खेळती राहते. बांबू आपल्याकडेही आहे आणि तो विणणारे हातही आहेत. ज्यांच्या बांधीत वीस-पंचवीस बाया रोवणीस येतात, त्यांनी गावच्या बुरुडाकडून अशी आच्छादने करवून घेऊन मजुरांना द्यावीत, आणि दुपारच्या सुटीत डोके पुसण्यास कोरडे कापड ठेवावे. हा खर्च मोठा नाही.

फटफटीवरील हेल्मेटाने केस जातात, ही तक्रारही टोपीच्या तक्रारीसारखीच आहे. आतून धुता येण्याजोगी पातळ सुती टोपी घालावी व हेल्मेट नीट बसेल असे पाहावे. हेल्मेट मात्र सोडू नये.

फवारणीच्या वेळी

आता सर्वांत महत्त्वाचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यू पावले, हे वाचक विसरले नसतील. धानावर तुडतुडे व खोडकिडा आला म्हणजे आपणही फवारणी करतोच. मायबाख व त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, पॅराथिऑन हे कीटकनाशक हाताच्या कोपर ते मनगट या भागातील कातडीपेक्षा डोक्याच्या कातडीतून साडेतीन पटींहून अधिक शोषले जाते. डोक्याला गुंडाळलेला सुती दुपट्टा त्या वेळी रक्षण करीत नाही. तो विषाचे तुषार पितो, तासन्‌तास कातडीशी धरून ठेवतो, आणि त्याच दुपट्ट्याने आपण तोंडही पुसतो! घाम पिण्याचा जो गुण आम्ही वर वाखाणला, तोच येथे घातक ठरतो. म्हणून फवारणीस पाणी न शोषणारे, मानेवर उतरणारे आच्छादन वेगळे ठेवावे. काम संपताच डोके व अंग साबणाने धुवावे. आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता निराळे धुवावेत.

सारांश

वाचकांच्या सोयीसाठी मुख्य नियम पुढे देतो.

१. टोपी व कपाळ यांच्यामध्ये एक बोट सहज शिरले पाहिजे. टोपी काढल्यावर कपाळावर वळ उमटत असेल तर ती घट्ट आहे.

२. टोपी घेताना आत हात घालून अस्तर पाहावे. ते पातळ सुती व शक्यतो निराळे काढून धुता येईल असे शिवून घ्यावे. पुठ्ठ्याची टोपी रोजच्या कामास घेऊ नये.

३. प्रत्येकाने दोन टोप्या वा दोन दुपट्टे ठेवावेत. एक डोक्यावर, एक दोरीवर. उन्हाळ्यात व पावसाळ्यात ते रोज धुवावेत आणि उलटे करून उन्हात वाळवावेत.

४. ओल्या केसांवर टोपी घालू नये. सावलीत बसताच ती काढून ठेवावी.

५. टोपी, फणी व टॉवेल एकमेकांचे वापरू नयेत. मुलांच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळावे. घरात खवडा झाल्यास सर्व टोप्या व फण्यांवरील कापडे उकळत्या पाण्यात घालावीत, आणि फण्या नव्या घ्याव्यात.

६. फवारणीचे शिरोवस्त्र निराळे.

बीज पेरण्यापूर्वी आपण ते मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे वेगळे काढतो. तीच चिकित्सा ऐकीव समजुतींच्या बाबतीतही करावी. टोपी केस नेत नाही. टोपीतील घट्टपणा, ओल आणि मळ हे केसांचे वैरी आहेत, आणि ते तिघेही आपल्या हाताने दूर करता येतात. तेव्हा मुलगा उघड्या डोक्याने उन्हात निघाला तर त्यास नुसते रागावू नये. त्याच्या हाती धुतलेला, वाळलेला, पातळ दुपट्टा द्यावा व हे कारण समजावून सांगावे. आणि तत्पूर्वी आपण स्वतः खुंटीवरची आपली टोपी खाली काढून तिचे अस्तर एकदा उलटून पाहावे, एवढीच आमची आपल्या शेतकरी बंधूंस विनंती आहे.